एकच शब्द दोनदा विकणारा राजा

आधी त्याच्या मरणाची गोष्ट सांगतो, कारण माझी आणि त्याची पहिली भेट तिथेच झाली.

१ जानेवारी १३८७. पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी पाम्प्लोना नावाचं शहर. नाव्हारचा राजा दुसरा शार्ल तिथे आजारी पडलेला आहे. वय चोपन्न, हातापायांतली ताकद गेलेली. वैद्य उपाय सांगतात की, कडक मद्यात भिजवलेल्या कापडात राजाला मानेपासून पायापर्यंत गुंडाळा, कापड अंगावरच शिवून टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. दासी शिवत शिवत गळ्यापर्यंत येते. गाठ मारते. दोरा तोडायला हाताशी कात्री नाही, म्हणून ती मेणबत्तीची ज्योत दोऱ्याला लावते. पुढचं सांगायला नको.

ही गोष्ट बहुधा खोटी आहे. राजाच्या विश्वासातल्या एका बिशपने राजाच्या बहिणीला पत्र लिहून कळवलं होतं की त्याला शांतपणे, धार्मिक विधींसह मरण आलं. पण ते पत्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही. जळून मेलेला राजा मात्र पुढची कित्येक शतकं युरोपभर सांगितला गेला, चित्रांत रंगवला गेला. सांगणाऱ्यांनी वर तात्पर्यही जोडलं की देवाने नीट न्याय केला.

रात्रीच्या डिप्लॉयमेंटच्या वेळी, बिल्ड पूर्ण होईपर्यंत, विकिपीडियाच्या गल्ल्याबोळांतून भटकायची मला सवय आहे. शतवर्षीय युद्धाबद्दल काहीतरी वाचताना एका रात्री मी या माणसापाशी येऊन थांबलो. इतिहासात त्याचं नावच ‘शार्ल ल मोव्हे’, म्हणजे ‘वाईट शार्ल’ असं आहे. हे बिरुद त्याच्या हयातीतलं नाही, सोळाव्या शतकात चिकटलेलं आहे. पण दीडेकशे वर्षांनंतरही लोकांना एखाद्या राजासाठी हाच शब्द सुचावा, असं त्याने केलं तरी काय होतं? बिल्ड कधीच झाला होता, मी वाचतच बसलो.

*

गंमत म्हणजे त्याची तक्रार खरी होती.

त्यासाठी थोडी वंशावळ सहन करावी लागेल. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप १३१४ साली वारला. मागे तीन मुलगे. थोरला गादीवर आला आणि दोन वर्षांत मेला. त्याला एक चार वर्षांची मुलगी होती, जान. राणी गरोदर होती. तिला मुलगा झाला, तो पाच दिवस जगला. आता राहिली जान. पण तिच्या आईला, म्हणजे थोरल्याच्या पहिल्या बायकोला, व्यभिचाराच्या आरोपावरून आधीच कैदेत टाकलं होतं आणि ती तिथेच मेली होती. त्यामुळे मुलगी नक्की कोणाची, अशी कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज सोयीची होती. मधल्या काकाने गादी घेतली आणि बाईला फ्रान्सच्या गादीवर बसता येत नाही असा नियम उचलून धरला. नियतीचा विनोद असा की त्यालाही मागे मुलीच राहिल्या, मग धाकट्याला गादी मिळाली आणि त्याच्यामागेही मुलगा उरला नाही. १३२८ साली गादी चुलत घराण्याकडे, व्हॅल्वाकडे, गेली. या तिघा भावांच्या बहिणीचा मुलगा म्हणजे इंग्लंडचा तिसरा एडवर्ड. त्याने पुढे फ्रान्सच्या गादीवर दावा सांगितला आणि शंभराहून जास्त वर्षं चाललेलं युद्ध पेटलं.

जानच्या हाती आलं ते नाव्हारचं छोटं डोंगरी राज्य. ते आजीकडून आलेलं होतं आणि तिथे बाईला राज्य करता येत असे. शँपेनसारखा श्रीमंत प्रांत मात्र तिला सोडून द्यावा लागला. तिचा मुलगा म्हणजे आपला शार्ल. जन्म १३३२. बाईकडून हक्क पुढे जातो असं एकदा धरलं, तर त्याची आई थोरल्या भावाची मुलगी होती आणि इंग्लंडच्या एडवर्डची आई नुसती बहीण. म्हणजे ज्या दाव्यासाठी एडवर्ड युद्ध करत होता, तोच दावा शार्लला अधिक जवळून सांगता येत होता. आपल्याकडे या सगळ्याला एक शब्द पुरतो, भाऊबंदकी.

१३५२ मध्ये फ्रान्सच्या राजाने, दुसऱ्या झाँने, आपली आठ वर्षांची मुलगी शार्लला दिली आणि त्याला जावई करून घेतलं. ठरलेला हुंडा दिला नाही. उलट शार्लच्या आईकडे असलेला आंगुलेम प्रांत आपल्या लाडक्या सेनापतीला, शार्ल द ला सेर्दाला, देऊन टाकला. (या गोष्टीत शार्ल फार आहेत. त्याला माझा इलाज नाही. यापुढे नुसता ‘शार्ल’ म्हणजे आपला.)

तर विशीतला पोरगा. बुटका, चलाख, बोलण्यात कोणाला ऐकायचा नाही. त्याचा द्वेष करणाऱ्यांनीही त्याची जीभ मान्य केली आहे. आईची गादी गेलेली, प्रांत गेलेला, हुंडा थकलेला. इथपर्यंत मी पूर्णपणे त्याच्या बाजूने होतो.

*

८ जानेवारी १३५४ च्या पहाटे नॉर्मंडीतल्या लेगल गावी एका खाणावळीत झोपलेल्या ला सेर्दाला शार्लच्या भावाने माणसं घेऊन गाठलं आणि ठार मारलं. शार्लने हात झटकले नाहीत. उलट हे आपण करवलं असं त्याने पत्रं लिहून उघडपणे सांगितलं. त्याच वेळी इंग्रजांनाही लिहिलं की मदतीला या, नॉर्मंडीतले माझे किल्ले तुम्हाला मोकळे आहेत.

सेनापतीच्या खुनाची शिक्षा काय झाली? इंग्रज येतील या भीतीने राजा झाँने सहा-सात आठवड्यांत, २२ फेब्रुवारीला, मान्त इथे तह केला आणि शार्लला नॉर्मंडीतला मोठा मुलूख तोडून दिला. वर पॅरिसमध्ये जाहीर माफीचा सोहळा. मदतीची तयारी करणारे इंग्रज तसेच राहिले.

माझ्या मते शार्लचं आयुष्य इथे बिघडलं. हरला असता तर कदाचित सुधारलाही असता. पण तो जिंकला, आणि त्यातून त्याने एक सूत्र काढलं: शत्रूच्या शत्रूला बोलावण्याची धमकी द्यायची, त्या धमकीची किंमत शत्रूकडून वसूल करायची आणि बोलावलेल्याला वाऱ्यावर सोडायचं. पुढच्याच वर्षी त्याने हाच प्रयोग पुन्हा केला. इंग्रजांशी फ्रान्सच्या वाटणीची बोलणी केली, त्यांच्या मोहिमेची तयारी झाली, आणि सप्टेंबर १३५५ मध्ये व्हॅलॉन्य इथे गडी पुन्हा सासऱ्याशी तह करून मोकळा.

डिजिटल चलनं बनवणाऱ्यांपुढे सुरुवातीपासून एक मोठा प्रश्न असतो, त्याला ‘डबल स्पेंडिंग’ म्हणतात. नोट एकदा दिली की ती हातातून जाते, पण डिजिटल नाणं म्हणजे शेवटी नुसती माहिती. तेच नाणं दोघांना देण्यापासून मला कोण अडवणार? उत्तर असं की सगळ्यांनी मिळून एक वही ठेवायची. कोणी काय कोणाला दिलं हे त्या वहीत सगळ्यांना दिसतं. शार्लचं सगळं राजकारण म्हणजे डबल स्पेंडिंग होतं. एकच शब्द तो दोन गिऱ्हाइकांना विकत होता. चौदाव्या शतकात पत्रं घोड्यावरून जात, त्यामुळे वही जुळायला वेळ लागे. पण जुळायची ती जुळतच होती.

५ एप्रिल १३५६ रोजी पहिल्यांदा हिशेब झाला. रुआँच्या किल्ल्यात युवराजाने मेजवानी दिली होती. शार्ल आणि त्याचे नॉर्मन मित्र जेवत असताना राजा झाँ स्वतः चिलखत घालून शस्त्रधाऱ्यांसह आत घुसला आणि त्याने जावयाला गचांडी धरून उठवलं. शार्लला कैद झाली. त्याच्याबरोबरच्या चौघांची, त्यांत आर्कूरचा काउंटही होता, त्याच दिवशी चौकशीशिवाय मुंडकी उडवली आणि धडं फासावर लटकवली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. राजाच्या जावयाचं मुंडकं कोणी उडवत नाही. मेले ते त्याच्याबरोबर जेवायला बसलेले.

*

मग नशीब उलटलं. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला प्वातिएच्या लढाईत राजा झाँच इंग्रजांच्या हाती सापडला. देश अठरा वर्षांच्या युवराजाच्या गळ्यात पडला, आणि पॅरिसमध्ये व्यापाऱ्यांचा पुढारी एतिएन मार्सेल राजसत्तेवर लगाम घालायला निघाला. कर द्यायचा तर खर्चावर देखरेख आमची, अशी त्याची साधी मागणी होती. त्याला राजघराण्यातला एक चेहरा हवा होता. कैदेतला शार्ल न काही करता हुतात्मा झालाच होता. नोव्हेंबर १३५७ मध्ये त्याला रात्री कैदेतून सोडवलं आणि महिनाअखेरीस तो पॅरिसच्या कडेच्या एका मोकळ्या कुरणात हजारोंच्या गर्दीसमोर उभा राहिला.

बोलला, आणि बोलतच राहिला. शहरातली जेवणं उरकली तरी भाषण चालूच होतं अशी नोंद आहे. आपल्यावरचा अन्याय, आपली कैद, आपली आई. गादीवर खरा हक्क कोणाचा हे थेट न म्हणता सुचवलं. लोक रडले. जानेवारीत त्याने रुआँला जाऊन फासावरची ती धडं उतरवली, त्यांचा थाटाने अंत्यविधी केला आणि तिथेही भाषण ठोकलं. मित्र मेले, त्याचंही त्याला व्यासपीठ करता आलं.

पुढचे सहा-सात महिने हे त्याच्या साऱ्या आयुष्याचं सार आहे. मे १३५८ मध्ये पॅरिसच्या उत्तरेकडचे शेतकरी उमरावांविरुद्ध उठले. युद्धात रक्षण करता आलं नाही, पण कर मात्र मागता, हा त्यांचा राग होता. घाबरलेले उमराव शार्लकडे आले. १० जूनला मेलो गावाजवळ शेतकऱ्यांची फौज रांगा लावून उभी होती. त्यांचा म्होरक्या होता गियोम काल. शार्लने त्याला बोलणीसाठी बोलावलं. काल आला. राजाने शब्द दिल्यावर ओलीस कशाला मागायचे, असं त्याला वाटलं असावं. त्याला पकडलं, म्होरक्याविना उभ्या असलेल्या शेतकऱ्यांवर घोडदळ घातलं आणि नंतर कालला ठार केलं.

उमराव खूश. पण त्याच आठवड्यात शार्ल पॅरिसला गेला आणि मार्सेलच्या पक्षाचा सेनाप्रमुख झाला. त्याच मार्सेलने शेतकऱ्यांना मदत पाठवली होती! कालपर्यंत त्याच्यामागे असलेले उमराव त्याला सोडून गेले. पॅरिसच्या लोकांनाही कळेना की शेतकऱ्यांना कापणारा हा आपला कसा. त्यातच त्याने भाड्याचे इंग्रज सैनिक शहरात आणले. जुलैमध्ये लोक त्यांच्यावर उठले, आणि शहराबाहेर पाठलागाला गेलेले शेकडो पॅरिसकर इंग्रजांच्या सापळ्यात सापडून मेले. शार्ल त्या वेळी मदतीला आला नाही. ३१ जुलैला मार्सेल शहराच्या वेशीचा ताबा घ्यायला गेला असताना त्याच्याच शहरवासीयांनी त्याला मारलं. शार्लच्या माणसांना दरवाजे उघडून देणार, हा त्याच्यावरचा आरोप होता.

कर आणि खर्चावर लोकांचा लगाम असावा ही कल्पना फ्रान्समध्ये तेव्हा एका बोटावर येऊन ठेपली होती. ती बुडण्याची कारणं अनेक आहेत, पण तिने धरलेला हात शार्लचा होता हे त्यांतलं एक नक्की.

*

इथवर वाचून मी लॅपटॉप मिटला होता. त्याचं कारण चौदाव्या शतकातलं नव्हतं.

२०२१ च्या शेवटी पुण्यात आमच्या क्षेत्रात लग्नसराईसारखी भरती चालू होती. मला पगारवाढीचा शब्द दिला गेला होता आणि तो पाळला गेला नव्हता. मी राजीनामा दिला. तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये तीन ऑफर लेटरं गोळा केली, दोन स्वीकारली, एकीचा आकडा दाखवून दुसरीचा वाढवला. जॉइनिंगच्या दिवशी सकाळी नऊ वाजता एका एचआरला दोन ओळींचा मेसेज टाकला. सगळेच करत होते. आणि माझ्यावर अन्याय झालाच होता की!

पण अन्याय केला होता पहिल्या कंपनीने. मी ज्यांना तोंडघशी पाडलं त्यांत कॉलेजातला एक सीनियर होता. त्याने मॅनेजरकडे स्वतःहून माझं नाव पुढे केलं होतं. तो भांडला नाही. फक्त पुढच्या मेसेजवर दोन निळ्या टिका आल्या आणि उत्तर आलं नाही. अजूनही नाही.

शार्लची यादी करून बघितली तेव्हा तेच दिसलं. आईची गादी काढून घेणारे केव्हाच मरून गेले होते. रुआँचे चार मित्र, गियोम काल, मार्सेल, ते शेकडो पॅरिसकर यांनी त्याचं काहीही घेतलं नव्हतं. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. खऱ्या तक्रारीचं हेच धोक्याचं असतं. ती आपल्याला एक न संपणारं उधारखातं उघडून देते, आणि खर्च भलत्याच माणसाच्या नावावर पडत राहतो.

*

राहिलेली तीस वर्षं म्हणजे उतरती कळा. १३६४ मध्ये युवराज पाचवा शार्ल म्हणून गादीवर आला. त्याच्या राज्याभिषेकाच्या तीनच दिवस आधी, १६ मे रोजी, कोशेरेलला आपल्या शार्लची फौज मोडली.

१३६७ चा किस्सा मात्र सांगायलाच हवा. कॅस्टीलच्या गादीसाठी पेद्रो आणि एन्रिके या सावत्र भावांत युद्ध चालू होतं. पेद्रोच्या मदतीला येणाऱ्या इंग्रज फौजेची वाट नाव्हारच्या खिंडीतून जात होती. शार्लने एन्रिकेला शब्द दिला की खिंड बंद ठेवतो. पेद्रो आणि इंग्रजांना शब्द दिला की खिंड उघडतो. फौज खिंडीतून आली. आता शार्लने स्वतः इंग्रजांच्या बाजूने लढायला उभं राहणं भाग होतं, आणि एन्रिके जिंकला तर काय, ही भीतीही होती. मग त्याने तोडगा काढला. विरुद्ध बाजूच्या ऑलिव्हिए द मोनी नावाच्या सरदाराशी आतून ठरवून त्याने स्वतःलाच पकडवून घेतलं! ३ एप्रिलला नाहेराची लढाई झाली तेव्हा राजेसाहेब एका किल्ल्यात ‘कैदेत’ सुखरूप होते. नंतर ठरलेला मोबदला मागणाऱ्या मोनीलाच त्याने अडकवलं असं इतिवृत्तकार सांगतात. हे सगळं युरोपला कळलं, आणि युरोप हसला. लोक घाबरतात तोवर कारस्थान्याला किंमत असते. हसायला लागले की संपलं.

१३७८ मध्ये शेवटचा हिशेब झाला. फ्रान्सच्या राजाने शार्लच्या दोन विश्वासू सेवकांना पकडलं. इंग्रजांशी चाललेली बोलणी आणि राजावर विषप्रयोगाचा कट त्यांनी कबूल केला. कबुल्या कशा मिळवल्या जात ते आपल्याला ठाऊक आहे. पण शार्लच्या बाबतीत त्या खोट्या असतील असं म्हणायला कोणी पुढे आलं नाही. दोघांना देहदंड झाला. नॉर्मंडीतले किल्ले गेले, थोरला मुलगा फ्रेंचांच्या ताब्यात होता, शेर्बूर पैशांसाठी आणि मदतीसाठी इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. दुसरीकडून कॅस्टीलची फौज नाव्हारमध्ये शिरली. पुढच्या वर्षीच्या तहात स्वतःच्याच राज्यातले वीसेक किल्ले तारण ठेवायची वेळ आली. त्यानंतर आठेक वर्षं हा माणूस पाम्प्लोनात होता, आणि त्याचा शब्द विकत घ्यायला कोणीही आलं नाही.

त्याचा सासरा राजा झाँ इतिहासात ‘चांगला झाँ’ म्हणून ओळखला जातो. राजा म्हणून तो सुमार होता. रुआँची ती चार मुंडकी त्याचीच. पण खंडणीपोटी इंग्रजांकडे ओलीस ठेवलेला त्याचा एक मुलगा शब्द मोडून पळाला तेव्हा तो स्वतः होऊन लंडनला कैदेत परत गेला आणि एप्रिल १३६४ मध्ये तिथेच मेला. मूर्खपणा म्हणा हवं तर. लोकांनी चांगला कोण, वाईट कोण हे ठरवताना काय मोजलं, ते यातून कळतं.

शार्लच्या मुलाने, तिसऱ्या शार्लने, पुढे फ्रान्सशी भांडण मिटवलं. १४०४ मध्ये जुने सगळे दावे सोडून दिले आणि त्याबदल्यात नमूरची जहागीर घेतली. आजीची गादी, बापाचं आयुष्यभराचं दुखणं, सगळं एका कागदावर संपलं. त्याला इतिहास ‘थोर’ म्हणतो.

आणि वाईट शार्लचं आज काय उरलं आहे? १३६५ साली त्याने पाम्प्लोनात राज्याच्या जमाखर्चाची तपासणी करणारं एक कार्यालय नेमलं, ‘कामारा दे कोम्प्तोस’. मधे दीडेकशे वर्षं ते बंद होतं, पण १९८० मध्ये पुन्हा सुरू झालं आणि आजही त्याच नावाने नाव्हारच्या सरकारी खर्चाचं ऑडिट करतं. पैशांच्या बाबतीत राजाला नीट कळत होतं की वही लागते, आणि ती दुसऱ्या कोणीतरी तपासावी लागते.

मी त्या सीनियरला मागच्या महिन्यात पुन्हा एक मेसेज केला. कारणं दिली नाहीत, पगारवाढीचं सांगितलं नाही. टिका निळ्या झाल्या आहेत.